परीस शोधणाऱ्यांची बाजू

प्रिय अप्पा,

आईने तुमचा निरोप काल फोनवर पोचवला. सांगताना ती बिचारी अडखळत होती आणि मागे तुमचा रेडिओ वाजत होता, म्हणजे तुम्ही त्याच खोलीत होतात. उठून फोन हातात घेणं काही तुम्हाला जमलं नाही. ठीक आहे, मग मीही फोनवर उत्तर देणार नाही. कागदावर देते. फोनसारखं मध्येच उठून जाता येणार नाही, फार तर फाडता येईल. आणि लिहिलेला कागद तुम्ही कधी फाडत नाही, एवढं तुम्हाला मी ओळखते. रागात लिहितेय हे आधीच सांगून टाकते, नंतर हा सूर कसला लावलाय म्हणून आईला ऐकवू नका.

तुमचे चमत्काराचे कार्यक्रम आठवतात? शाळेला सुट्टी असली की विज्ञानाचे मोहिले सर, म्हणजे तुम्ही, पिशवीत बाटल्या भरून इस्लामपूरच्या आसपासच्या कुठल्यातरी गावात निघायचे आणि मी हट्ट करून मागे लागायचे. देवळासमोर हवनकुंड, समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड, आणि तूप म्हणून ग्लिसरीन. मंत्र पुटपुटत तुम्ही ते 'तूप' सोडायचात. थोडा वेळ काहीच व्हायचं नाही, लोक चुळबुळायला लागायचे, आणि मग धूर, मग भक्कन ज्वाळ. बायका हात जोडायच्या. लगेच तुम्ही बाटली उंच धरून सगळं उलगडून सांगायचात. वर, बुवा म्हणतो म्हणून मानू नका आणि मी म्हणतो म्हणूनही मानू नका, स्वतः करून बघा, हे तुमचं ठरलेलं वाक्य. मला पुढचं सगळं पाठ होतं, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा. परतीच्या एसटीत मी एकदा विचारलं होतं, की बुवांना हे सगळं आधी कुठून कळलं? तुम्ही म्हणालात, झोप आता. त्याच प्रश्नामागे लागून मी आधी रसायनशास्त्र केलं आणि मग इथे विज्ञानाच्या इतिहासात शिरले. तेव्हा नीट उत्तर दिलं असतंत तर कदाचित आज पुण्यात एखाद्या रंगांच्या कंपनीत निमूट नोकरी करत असते.

मी राहते त्याच हॅम्बर्गमध्ये साडेतीनशे वर्षांपूर्वी हेनिंग ब्रांड नावाचा एक किमयागार राहत होता. लघवीचा रंग सोन्यासारखा, तेव्हा त्यातून परीस निघेल असं या गृहस्थाच्या डोक्यात बसलं. पिंपंच्या पिंपं लघवी त्याने आटवली, करपवली, भट्टीत लालबुंद केली. शेजारीपाजारी काय म्हणत असतील याची कल्पनाच केलेली बरी. परीस मिळाला नाही. मिळालं ते अंधारात आपोआप चमकणारं काहीतरी, ज्याला आपण आज फॉस्फरस म्हणतो आणि तुम्ही नववीच्या फळ्यावर ज्याच्यासाठी 'P' लिहायचात. ग्रहांच्या कक्षांचे नियम सांगणारा केप्लर लोकांना पत्रिका करून द्यायचा, न्यूटनने किमयेवर पानंच्या पानं लिहिली, हे तुम्हाला माहीत होतं, अप्पा. तुमच्या कपाटातल्याच पुस्तकांत ते आहे. वर्गात मात्र तुम्ही ते गाळायचात.

आमच्याकडे जुनी कृती नुसती वाचत नाहीत, हाताने करून पाहतात. माझ्या मार्गदर्शक लूडर्सबाईंचा तो दंडकच आहे. तेव्हा मी विभागाच्या स्वच्छतागृहात झाकणाचे कॅन ठेवले आणि सहकाऱ्यांना विनंतीची चिठ्ठी लावली. जर्मन माणसं असल्या बाबतीत अतिशय शिस्तीने मदत करतात. धूर ओढून घेणाऱ्या कपाटात मी महिनोन् महिने ते आटवत बसले. ब्रांडच्या कृतीत एके ठिकाणी तळाशी जमलेलं मीठ टाकून द्यायला सांगितलंय, आणि फॉस्फरसचा मोठा भाग तर त्या मिठातच जातो! गड्याने हातातलं घबाड फेकून दिलं आणि उरलेल्यातून थेंबभर मिळवलं. त्याची कल्पना साफ चुकीची होती, पण आच किती ठेवायची, काचपात्राचं तोंड कशाने लिंपायचं, हे त्याच्या हाताला कळत होतं. पुढच्या रसायनशास्त्राने त्या लोकांकडून हे हातचं कसब घेतलं आणि त्यांची नावं पुसून टाकली. माझा प्रबंध एवढंच म्हणतो. किमया खरी होती असं त्यात कुठेही नाही.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात तेव्हा मी तुम्हाला मुद्दाम प्रयोगशाळेत नेलं. पडदे ओढले आणि त्याच कृतीने मी काढलेल्या फॉस्फरसचा नळीतला हिरवट उजेड दाखवला. तुम्ही वाकून पाहिलंत आणि काही क्षण तुमचा चेहरा हवनाभोवती बसलेल्या माणसांसारखा झाला. मी पाहिलाय तो, नाही म्हणू नका. मग तुम्ही ताठ उभे राहिलात आणि लूडर्सबाईंसमोर मला मराठीत म्हणालात, "ज्यांच्याशी मी जन्मभर भांडलो, त्यांचीच वकिली करायला तू इतक्या लांब आलीस." बाईंनी मला विचारलं, वडील काय म्हणाले? मी सांगितलं, त्यांना फार आवडलं.

त्यानंतर जे झालं त्यात तुमचा राग रास्त होता. माझ्या एका लेखातला केप्लरच्या पत्रिकांबद्दलचा अर्धा परिच्छेद उचलून तिकडच्या एका ज्योतिषाने 'जर्मन विद्यापीठाचं शिक्कामोर्तब' म्हणून गावभर फिरवला, आणि तुमच्याच सभेत उठून कुणीतरी तो तुम्हाला वाचून दाखवला. वयाच्या सत्तरीत तुम्हाला भर व्यासपीठावर ते ऐकून घ्यावं लागलं, हे मला आईकडून कळलं. त्या ज्योतिषाला मी मराठीत सणसणीत उत्तर लिहिलं आणि ते तुमच्याकडच्या वर्तमानपत्रात छापूनही आलं. ते तुम्ही वाचलं नाहीत. प्रबंधही वाचला नाहीत. आईने टेबलावर ठेवलेली प्रत तुम्ही उचलून माळ्यावर टाकलीत. करून बघा म्हणत गावोगाव हिंडलेला माणूस मुलीचा प्रबंध न उघडता निकाल देतो, याला काय म्हणायचं, अप्पा? तुमच्या एखाद्या कार्यकर्त्याने हे केलं असतं तर सगळ्यांसमोर तुम्ही त्याची खरडपट्टी काढली असती. म्हणून मी तुमची काढतेय. भोंदूंची भीती वाटून इतिहासातला अडचणीचा भाग झाकायचा असेल, तर ते मला जमणार नाही. त्यांनी चोरलं म्हणून मी लिहिणं सोडणार नाही.

आता निरोपाबद्दल. प्रबंधाचं पुस्तक होतंय, आणि त्यावर तुमचं नाव छापायचं नाही असं तुम्ही आईकरवी सांगितलंत. तुमचं नाव म्हणजे माझं मधलं नाव. इथल्या लोकांना ते मुळी वडिलांचं आहे हेच कळत नाही. नोंदणी कचेरीत त्यांनी ते आडनाव समजून भलत्याच रकान्यात घातलं, आणि तेव्हापासून विभागातली निम्मी माणसं मला फ्राउ पद्माकर, म्हणजे पद्माकरबाई, म्हणतात. प्रयोगशाळेतल्या माझ्या पांढऱ्या कोटावर तेवढंच शिवलेलं आहे. ती नळी हातात धरली होती तेव्हाही तेच होतं, तुमचं लक्ष गेलं नाही. चूक दुरुस्त करून घ्यायचं मी कधी मनावर घेतलं नाही आणि आता तर मुळीच घेणार नाही. मुखपृष्ठाची शेवटची प्रत आज दुपारी मंजुरीला आली. त्यावर नाव कसं हवं ते मी सही करून कळवलं, आणि आईच्या आधी तुम्हाला कळवायचं म्हणून लगेच लिहायला बसले. पुस्तक आलं की पहिली प्रत पाठवीन. वाचून खोडून काढा, मी एकेका मुद्द्याला उत्तर देईन. नाव मात्र खाली लिहिलंय तसंच राहील.

तुमचं न ऐकणारी आणि तरीही तुमचीच,
ऊर्मिला पद्माकर मोहिले