नाक-डोळे नसलेली लक्ष्मी

नंदनवन, नागपूर
११ जानेवारी २०२४

ती. प्रेमिला आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या अंकुरने देवघरातली सोन्याची लक्ष्मी आणि चिठ्ठी आणून दिली. फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. तुझ्या मयुरीच्या लग्नाआधी देवघरातले टाक उजळायचे, त्यांच्यासोबत हिलाही इतवारीच्या सोनाराकडून नाक-डोळे कोरून घ्यायचे, असं तू लिहिलंस. मी ती सोनाराला दिली नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिली. हा टाक नाही, नाणं आहे. मागे तीन ओळींत गांगेयदेवाचं नाव आहे. त्रिपुरीचा कलचुरी राजा, हजार वर्षांपूर्वीचा. चेहरा झिजलेला नाही. साच्यातच तो ठिपक्यांचा आहे. झिजलेत ते गुडघे, तुझ्या चिंचेने आणि राखेने.

जमिनीतून निघालेलं असं सोनं कलेक्टर कचेरीत कळवावं लागतं. मी कळवणार आहे. आधी तुला सांगते. दमले आहे, याहून गोड शब्द सुचत नाहीत.

राग आला तरी माया राहू दे.
भूमिका

पारशिवनी
१५ जानेवारी

चि. भूमिकास आत्याचे आशीर्वाद.

पत्र मयुरीनं वाचून दाखवलं, आता तीच लिहून राहिली. राग आला. लग्नघर आहे वं, अन् तू देवीले कचेरीत नेऊन राहिली! देवघरातली साखर चोरून खायची तेव्हा नाही आठवला तुले कायदा? तुह्या आतोबाले ती नांगरताना भेटली, रुमालात बांधून आणली त्याईनं. ते गेल्यापासून मी सकाळी तिच्यासंगच बोलतो. गुडघे झिजले म्हणतं. माहे काय नवे हायेत?

कळवाचं तर कळव. खोटं बोल म्हणत नाही. पण ती गेल्यावर सकाळी मी कोणापुढे उभी राहू, हे बी तुह्या यंत्राले विचार.

जेवत जा. रागावली तरी तुहीच,
आत्या

नंदनवन, नागपूर
२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल देवी जमा केली. पावतीवर 'सोन्याचे नाणे, एक' एवढंच आहे. 'तुझ्या आत्याने इतकी वर्षं लपवलं काहून?' असं कचेरीतल्या साहेबांनी विचारलं. लपवणारा माणूस रोज दिवा लावत नाही, असं मी म्हटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडे नाही. जमा करण्याआधी साहेबांच्या परवानगीने मेणावर ठसा घेतला होता. त्यावरून सोनाराने चांदीचा टाक केला आहे. नाक-डोळे काढू का, असं तो विचारत होता. आत्याला विचारून सांगते, असं मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी टाक घेऊन येते. आधी सकाळी तिच्यापुढे उभी राहून बघ. ओळखीची वाटली नाही, तर कोरून घेऊ.

बोलायचं असेल ते समोर बोल, ऐकून घेईन.
भूमिका