ओहोटीच्या बांगड्या

युद्धनौकेवरून,
१२ जानेवारी

ती. मनुआत्यास,
भावेशचा शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच, मग पुढचं. लढाई सुरू झाल्यापासून आमचे मोबाईल जमा केलेत, म्हणून हे पत्र. तेलाच्या जहाजांना राखत चाललेलो, तेवढ्यात कुठल्याशा पाणबुडीने आमच्या विनाशिकेवर टॉर्पेडो सोडला. मागची बाजू फाटली, सुकाणू गेलं. जीव कोणाचाच गेला नाही. शहाडच्या सूरजचा उजवा हात मोडलाय, तर पठ्ठ्या डाव्या हाताने दुप्पट जेवतोय. गंमत म्हणजे ज्यांना राखायला गेलेलो, त्यातल्याच एका जहाजाने दोर लावून आम्हाला बंदरापर्यंत ओढत आणलं. लाज वाटली, पण काय करणार.

आता कामाचं. यातलं दिपिकाला काही सांगू नकोस. दर्यावरचा नवरा नको म्हणून ती दिवाळीपासून अडून बसलीय. तिचा होकार आधीच पाणबुडीसारखा खोल दडलाय, हे कळलं तर वर यायचाच नाही. आत्या, मला तिच्याशीच लग्न करायचंय. तू दुसरी मुलगी बघायला लागू नकोस.

गुडघ्याला तेल लावत जा. माया मी येईपर्यंत जपून ठेव.

तुझा,
भावेश


कोपरी, ठाणे पूर्व,
२४ जानेवारी

चि. भावेश यास मनुआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, तुझं अक्षर बघून जीव भांड्यात पडला. पण मेल्या, तुझ्या पत्राच्या आधी टीव्हीवर बातमी आलेली. बोट फुटली एवढंच सांगत होते, कोण वाचलं ते कोणी सांगेना. दिपिका डोंबिवलीच्या हापिसातून तडक माझ्याकडे आली. मी चहा टाकला, तर ही बया उठून खाडीवर गेली. मी मागोमाग.

आपल्यात नवरी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, माझ्या माणसाला सांभाळ म्हणून. या पोरीला ना हळद लागली, ना साखरपुडा झाला, आणि हिने सगळ्यांदेखत बांगड्या काढून भिरकावल्या. त्यात शहाणीने ओहोटी बघितली नाय. बांगड्या पडल्या चिखलात, हिरव्यागार, आख्ख्या कोळीवाड्याला दिसतील अशा.

तिचा बाप दामाजी धावत आला. म्हणाला, अजून दर्याला पोचल्या नायत, उचल आणि घरी चल, कोणी काय बोलणार नाय. त्याचं तरी काय चुकलं? तू नसतास तर पोरीने काय करायचं, हेच माझ्याही डोक्यात. शेजारची हौसाबाई तर चिखलात उतरायला निघालेली, तिला दिपिकाने हाताला धरून मागे ओढलं. भरती चढेपर्यंत पोरगी तिथून हलली नाय. बांगड्या पाण्याखाली गेल्या तेव्हा घरी आली आणि गार झालेला चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी नौदलाकडून तू सुखरूप असल्याचा फोन आला. दामाजी आता मला विहीणबाई म्हणून हाक मारतो. तोंड फुगवून मारतो, पण मारतो.

जिवाला जप. आमच्यावरची माया आटू देऊ नको.

तुझी,
मनुआत्या


कोपरी,
२५ जानेवारी

प्रिय भावेश,
स. न. वि. वि.

आत्याने तुझं पत्र मला वाचायला दिलं. दिपिकाला सांगू नकोस काय? तू ये, मग बघते तुला. यापुढे तुला साधं खरचटलं तरी पहिलं मला कळवायचं.

ओहोटीचं तिने लिहिलंच असेल. कोळ्याची पोर आणि पाणी कळत नाही, म्हणून सगळे हसतायत. हसू देत. बाबा उचल म्हणाले तेव्हा एकदा मनात आलेलं माझ्या. तू आहेस की नाहीस तेही माहीत नव्हतं. वाकले असते तर हाताला लागत होत्या. पण नाही उचलवल्या.

दर्याची भीती मला अजून वाटते, रोज वाटते. आधीही वाटायची, पण कोणापाशी बोलणार? मी तुझी कोण होते? आता आत्याकडे जाऊन खुशाल रडते आणि ती मला वर जेवायला वाढते.

बोट दुरुस्तीला लागली की सुट्टी माग. लोभ दिलाय, तो काही मी परत घेणार नाही.

तुझीच,
दिपिका