चौथा पाय उघडला नाही

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप सांडूदादांना धाकट्या कारभारीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मनकर्णावहिनींचा खोकला आणि काळ्या गाईचं पोट, तिन्हींची खुशाली कळवावी. आमच्याकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझे हात मात्र शनिवारपासून कापताहेत, अक्षर त्यामुळंच असं आलंय. (फोनच केला असता, पण श्रेया घरात असते आणि पोरीचे कान फार तिखट आहेत.)

तुमची पुतणी कंपनीत मशिनी करते, असं मी तुम्हाला सांगत आलो. दादा, ती रॉकेट करते. नुसतं वर जाणारं असतं तर मी पेढे वाटले असते. पूर्वी रॉकेट गेलं की त्याचं खालचं धूड समुद्रात पडायचं, आपल्या जिवाला घोर नसायचा. आता म्हणे एवढं महागाचं यंत्र एकदा वापरून फेकायचं नाही. परदेशात ती परत येऊन सरळ उभी राहतात आणि पुन्हा जातात. म्हणून इथल्या एका शेडमध्ये ही दहा-बारा पोरं दुमजली घराएवढं रॉकेट बनवून त्याला उतरायला शिकवताहेत. उतरायचं कसं, तर खालून आग सोडत, त्याच आगीवर तोल सांभाळत! (कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.)

शनिवारी जालना रोडपलीकडच्या एका बंद खाणीत चाचणी होती. श्रेयाचा हट्ट, म्हणून गेलो. रॉकेट पेटलं, पाण्याच्या टाकीएवढं वर गेलं आणि तिथंच थांबलं. वस्तू वर जावी नाहीतर खाली यावी. ते थांबणं मला बघवेना, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते उभ्या उभ्या उतरत होतं आणि त्याचे पाय उघडत होते, एक, दोन, तीन. चौथा उघडलाच नाही. धूड कललं आणि आमच्या नाष्ट्याच्या मंडपावर आडवं झालं. आत फक्त पोहे होते, देवाची कृपा. मी तोवर टेम्पोखाली होतो. (आत कसा गेलो ते आठवत नाही, बाहेर दोघांनी ओढून काढलं.) आणि ही पोरं टाळ्या वाजवत होती! "तीन उघडले, पप्पा! मागच्या टायमाला एकबी नव्हता उघडला!" असं ओरडत श्रेया त्या धुमसत्या धुडाकडं पळाली, कुठलीशी तोटी बंद करायला. परत आली तेव्हा उजवी भुवई अर्धी जळालेली. घरी तिच्या आईनं, सरितानं विचारलं तर म्हणाली, पार्लरवाली चुकली. सरितानं पार्लरवालीशी बोलणं टाकलंय आणि मी गप्प आहे. भुवईच्या खाली दोन बोटांवर डोळा होता, दादा. मला फार भीती वाटते.

खाणवाल्यानं त्याच दिवशी हात जोडले. पोरं आता दुसरी जागा शोधताहेत. बाकी क्षेम.

तुमचा
कारभारी

ता. क. खरं कारण आता लिहितो. रविवारी श्रेया देवगाव रंगारीला येऊन तुमच्याकडं आपला खडकाळ माळ मागणार आहे. नाही म्हणा. साप आहेत म्हणा, भावाभावांत वाद आहे म्हणा. (आपल्यात वाद नाही हे दुर्दैव, पण आजपासून आहे असं धरून चाला.) माझं नाव मात्र घेऊ नका.

पुन्हा ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. आत्ता श्रेया कामावर निघाली आणि घाईत जिन्यातून ओरडली, "पप्पा, जाते!" आपल्या घरात दारातून निघताना हा शब्द कुणी काढलेला नाही. मी दाराकडं धावलो, तोवर ती तीन मजले उतरली होती. मग पावलं पुन्हा वर आली. हेल्मेट, अर्धी भुवई, धापा टाकत दारात उभी राहिली, "येते" म्हणाली आणि गेली.

दादा, माळ द्या. रविवारी मीही सोबत येतो. फक्त ते पेटलं की मनकर्णावहिनींना पोरीचा हात धरून ठेवायला सांगा, माझे कापतात.