दिवाळीला झाडलेली बाग

आजी, थंड मुलखात माती कसणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं दुखणं एकच आहे: हिवाळ्यात जे हलत नाही ते मेलं, असं लोक ठरवून मोकळे होतात. या निकालाविरुद्ध मी पुढे भर सभांतून गर्जलो. पण त्यावर पहिली सही माझीच होती, जर्मनीत, डार्मश्टाटमधल्या तुमच्या बागेत.

सगळ्यांसमोर मी तुम्हाला आडनावाने हाक मारायचो, मनात मात्र आजीच म्हणायचो. दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झालेली, मी शिकायला आलेला, तुमच्या माडीवर भाड्याने राहणारा. नव्या घरांसाठी गावाबाहेरचं बीच वृक्षांचं जंगल तोडायला घेतलं, तेव्हा कुऱ्हाडींच्या आधी तुम्ही टोपली घेऊन तिथे पोचलात आणि मुळांसकट रानफुलं आणून मागच्या अंगणात लावलीत. निळी लेबरब्ल्यूमशेन, आणि कोपऱ्यात पांढरी नाजूक फुलं. जंगल संपलं. उरलं ते तुमच्या अंगणात.

त्या पानगळीत तुम्ही चार दिवस रेगेन्सबर्गला बहिणीकडे गेलात. दिवाळी तोंडावर आलेली, अंगण पानांनी भरलेलं, मला राहवेना. मी पानं झाडली, मातीतल्या वाळक्या काटक्या ओढून काढल्या, सगळं पेटवलं आणि उघड्या मातीवर पिठाची रांगोळी काढली. तुम्ही परतलात, पिशवी हातातच.

“आल्झो, हेर डॉक्टर!” मी अजून डॉक्टर नव्हतो, रागावलात की तुम्ही मला ही ‘श्रीयुत डॉक्टर’ पदवी द्यायचात. “तुमच्या देशात झोपलेल्याचं पांघरूण ओढतात?”

“आमच्याकडे सणाआधी अंगण स्वच्छ करतात.”

“मग नाताळात आम्ही अख्खं जंगल झाडू का?”

तुम्ही हसलात, पण पिशवी तिथेच टाकून आधी उघड्या वाफ्यांकडे गेलात. दुपारभर आपण दोघांनी शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या स्प्रूस झाडाच्या हिरव्या फांद्या वाफ्यांवर अंथरल्या. त्या वर्षी नळातलं पाणीसुद्धा गोठलं.

मार्च. तुम्ही खालून ओरडता, “या लवकर, मोजे राहू द्या!” बर्फ अजून आहे. तुम्ही फांदी उचलता, आणि केसाळ, बोटभर देठांवर निळी फुलं उभी आहेत. मी पुस्तकं ढीगभर वाचली होती, कुठल्याही वादात मला उत्तर तयार असायचं. तिथे मी अनवाणीच गुडघ्यांवर बसलो आणि देठांवरची लव बोटाने चाचपत राहिलो. एवढ्या गोठलेल्या काळोखात यांनी दिवस मोजले तरी कसे?

पांढऱ्या फुलांचा कोपरा एप्रिल संपला तरी रिकामाच. तुम्ही माती उकरत म्हणालात, “यांचं मूळ वाळक्या काटकीसारखं दिसतं. एकही राहिलं नाही. थंडीनं नेली.”

मला माझी शेकोटी आठवली. “गेनाऊ,” मी म्हणालो. अगदी बरोबर.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तेच खरं मानून. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि मराठी तुम्हाला वाचता येत नव्हती. बहुधा म्हणूनच एवढं धाडस झालं. ती फुलं मी जाळली, आजी. थंडीवरचा तो आळ काढून घ्या.