फळ्याचा उजवा कोपरा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी खोटं बोलण्यात काही फायदा उरलेला नाही. म्हणून लिहायला बसलोय.

बेलापूरची ती दुसऱ्या मजल्यावरची, गणिताच्या सेमिनारची खोली. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या, मग आत खडूची धूळ, घरघरणारा पंखा आणि आपण सातजण. नव्वदीची ती वर्षं. दर शनिवारी एकानं हातात कागद न घेता फळ्यापाशी उभं राहायचं, बाकीच्यांनी वाटेल तिथे ‘का?’ म्हणून अडवायचं. फळ्याचा उजवा कोपरा मात्र कोरा ठेवायचा. उत्तर येत नसेल तर बोलणाऱ्यानं तिथे ‘ठाऊक नाही’ लिहायचं, खाली तो प्रश्न मांडायचा आणि पुढे जायचं. हसायचं कुणी नाही, हा तुमचा दंडक. तुम्ही स्वतः ते इतक्यांदा लिहायचात, की नव्या माणसाला ती तुमची सहीच वाटावी.

मी वेदपाठशाळेतून आलेला. आमच्याकडे ‘ठाऊक नाही’ हे वाक्य व्याकरणात बसत असलं तरी गुरुजींच्या छडीत बसत नसे. अडलास? पहिल्यापासून म्हण. एवढंच शिक्षणशास्त्र.

पीएच.डी.च्या अर्जावर तुमची सही होणार की मी गावी परत जाणार, हे माझ्या पहिल्या शनिवारावर होतं. एसटीडी बूथवरून वडिलांना मी आधीच सांगून टाकलेलं, सही झाल्यातच जमा. प्रमेयाची सिद्धता स्वल्पविरामासकट पाठ केली होती. पाचव्या ओळीला तुम्ही विचारलंत, “हे कुठून आलं?” मी तोंड उघडलं आणि पहिली ओळ बाहेर आली. पुन्हा पाचवी, पुन्हा तुम्ही, पुन्हा पहिली. खडू घामानं बोटांना चिकटलाय. तिसऱ्या खेपेला मागच्या बाकावरून आपल्या सातजणांतला उलव्याचा गडी म्हणाला, “काय रं, सेमिनार हाय का सत्यनारायन? परसाद कवा?” तुमच्या दंडकाला त्या दिवशी सुट्टी मिळाली. तुम्ही हसला नाहीत. फळा पुसलात, उजवा कोपरा तेवढा सोडून, आणि म्हणालात, “शास्त्रीबुवा, पुढच्या शनिवारी. पाठ न करता.”

पुढच्या शनिवारी मी धडाधड उत्तरं दिली. तुम्ही पाच प्रश्न विचारलेत, पाचही उत्तरं बरोबर. अर्ज तिथेच बाकावर ठेवून सही केलीत आणि नवा खडू माझ्या खिशात घातलात. सर, त्या आठवड्यात मी तुम्ही काय काय विचाराल याची यादी केली होती. उत्तरंही पाठ केली होती.

सहावा प्रश्न यादीत नव्हता. तिसऱ्या ओळीत ‘असा एक घटक घेऊ’ म्हणतो, तर असा घटक असतोच कशावरून? पुस्तकात तिथे ‘हे उघड आहे’ एवढंच छापलंय. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हालाही ते उघड वाटलं असेल, किंवा माझी दया आली असेल. दुसरं खरं असेल या भीतीनं मी तुम्हाला कधी विचारलं नाही. पुढे मीच ते प्रमेय शिकवायला लागलो. दरवर्षी तिसऱ्या ओळीपाशी मला खोकला येतो.

गेल्या शनिवारी खोकला संपायची वाट बघून एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पण असा घटक असतो कशावरून?”

मी घड्याळ पाहिलं. “वेळ झाली. पुढच्या शनिवारी बघू.”

“सर, अजून वीस मिनिटं आहेत ना?”

मी डस्टर शोधायला लागलो. ते माझ्या हातातच होतं.

तो शनिवार उद्या आहे. आठवडाभर कागद खरडतोय. अडलो की हात आपोआप पहिल्या ओळीवर जातो. केस पांढरे झाले तरी छडीची जागा पाठीला बरोबर माहीत असते. उद्या कोपऱ्यात ते दोन शब्द लिहायचे, बाकी काही उपाय दिसत नाही. तुमच्या खोलीत ते मी एकदाही लिहिले नव्हते.

हे पत्र पाठवणार कुठे? वहीतच राहील. आत्ता याच पानाच्या उजव्या कोपऱ्यात ‘ठाऊक नाही’ लिहून बघितलं. मग पुन्हा लिहिलं. मग आणखी चारदा.

पाठ व्हावं म्हणून, सर.