बाईंच्या केबिनमधला प्रिंटर

६ जाने., सोम.
दहावीची पूर्वपरीक्षा पुढच्या सोमवारी. पेनड्राइव्हला बंदी. सहामाहीचा पेपर परीक्षेआधीच फुटून अख्ख्या काष्टी गावात फिरला होता, तेव्हापासून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रिंटर स्वतःच्या केबिनमध्ये नेलाय. पेपर माझ्या लॅपटॉपवरून ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवायचे, तिथून ते प्रिंटरवर. शाळेच्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी लिनक्स मीच आणलं. बाई : "कुलकर्णी सर, तुम्ही आणलंत, तुम्हीच निस्तरा."
लॅपटॉपला प्रिंटर दिसतच नाही.

७ जाने., मंगळ.
सापडलं. क्लार्क गवळीभाऊंनी रविवारी वायरिंगसाठी सगळं बंद करून परत चालू केलं, त्यात सर्व्हरला नेटवर्कवर नवा पत्ता मिळाला.
"सर्व्हरचा पत्ता बदललाय, गवळीभाऊ."
"कसा बदलंल? हितंच तर हाय, टेबलाखाली."
नवा पत्ता घातला. प्रिंटर दिसला! छापत मात्र नाही.

८ जाने., बुध.
बाई दोन दिवस नगरला मीटिंगला. बरंच झालं. चाचणीला पेपर छापायचा नाही, अशी त्यांची ताकीद. स्क्रीनवर माझा बदलीचा अर्ज उघडा होता, संस्थेच्या श्रीरामपूरच्या शाळेसाठी. बायकोची, माधुरीची, नोकरी तिथं, लेक चिनू तिथं, मी रविवारपुरता. दोन वर्षं लिहून ठेवलाय, बाईंसमोर न्यायचं धाडस नाही.
तोच पाठवला. धावत खाली केबिनमध्ये. काही नाही. परत वर, परत पाठवला, परत खाली. नऊ वेळा.
गवळीभाऊ : "सर, पोट बिघडलंय का?"

९ जाने., गुरु.
लॅपटॉप म्हणतो, पाठवलं. प्रिंटर ढिम्म.
माधुरीचा फोन. "अहो, दिलात का अर्ज?"
"पाठवलाय."
खोटं नाही बोललो. पण तिनं लगेच आईला हाक मारून सांगितलं. आता काय?

१० जाने., शुक्र.
नववीवर तास चालू. गवळीभाऊ दारात, चेहरा फुललेला. "सर, प्रिंटर लागला! कागद संपल्यावर त्यो सर्व्हरवर आपोआप थांबला हुता. म्या नुसतं 'सुरू करा' दाबलं. सटासट निघत्यात कागदं. मोठ्या बाई आल्यात, वाचत्यात."
खडू हातातच राहिला.
केबिनमध्ये बाईंपुढे नऊ अर्ज, कोपरे जुळवून.
"नऊ? एक पुरला असता की."
"बाई, ते टेस्टिंग..."
"कशाचं? माझं?"
मग चष्मा काढून, "मुलगी कितवीत?"
"चौथीत."
"आधी पेपर छापा."

११ जाने., शनि.
बाजाराचा दिवस, बाहेर बैलांचा गलका. पेपर छापून, मोजून, सीलबंद. चार तास बाई आणि मी प्रिंटरपाशी. गठ्ठे बांधताना म्हणाल्या, बारा वर्षं त्या अकोल्यात, यजमान इथं. "मी अर्ज केलाच नाही कधी." मग पुढचा गठ्ठा बांधायला घेतला. मीही सुतळी ओढत राहिलो.
निघताना अर्जाची एक प्रत हातात दिली. लाल पेनानं तीन चुका काढलेल्या. "दुरुस्त करून आणा. मग बघू."
मग बघू म्हणजे काय? गवळीभाऊंना विचारलं. "बाई न्हाई म्हनल्या का? न्हाई ना?" एवढंच.

१२ जाने., रवि.
श्रीरामपूर. माधुरीला लाल खुणांचा अर्ज सापडला. "पाठवलाय म्हणालात ना? मग हा इथं कसा?" पहिल्यापासून सगळं सांगितलं. नऊ वेळा जिना उतरलो तिथं ती हसली. मग उठून बॅग भरायला लागली.
आता परतीच्या एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय. शेजारी माधुरी. चिनूला आजीपाशी ठेवून, रजा टाकून निघालीये. म्हटलं, अगं, उद्या परीक्षा आहे.
"मग बाई शाळेत सापडतीलच."
त्यांना काय सांगणार, हे विचारलं तर लाल खुणांचा अर्ज मांडीवर पसरून माझ्या हातातलं पेन मागते.