पासष्ट नळ्यांचे घर, जमीन वगळून

मी, निंबा धोंडू बाविस्कर, वय ५४, धंदा नळजोडणी, शिक्षण आठवी व पुढचे स्वतःचे स्वतः, राहणार नशिराबाद, जि. जळगाव, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. वकिलांच्या मसुद्यात सहा चुका निघाल्या, म्हणून अक्षर माझे.

१. नशिराबादचा प्लॉट धाकटा भाऊ अभिमन यास. वडिलांना शब्द दिला होता, एवढेच कारण.

२. प्लॉटवरचे घुमटघर मात्र जमिनीचा भाग धरू नये. ते दहा खुंट्यांवर बोल्टने बसवले आहे. नळ्या पासष्ट: तीस १६४ सेंमीच्या, पस्तीस १८५.४ च्या. सहा माणसांनी दिवसभरात उतरते. कल्पना माझी नव्हे. जर्मनीत तारांगणासाठी असा घुमट आधी झाला. महायुद्धानंतर अमेरिकेत घरे कमी पडली, तेव्हा थोड्या मालात जास्त जागा म्हणून तो पुढे आला. हे रद्दीतल्या मासिकात वाचले. मापे मात्र मी आगपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन बसवली. तेव्हा अभिमन म्हणाला होता, "भाऊ, हाई घर शे का कोंबड्या झाकानं डालगं?"

३. त्याच अभिमनने २०१९ मध्ये सातपुड्याच्या पाड्यावर नमुन्याच्या घराचा ठेका घेतला. नकाशा माझा. मी धुळ्याला दवाखान्यात. त्याने पासष्टही नळ्या एकाच मापाच्या कापल्या, म्हणे, "एकच माप धरा, काम लवकर व्हई." माझ्यासोबत तीन वर्षे नळ्या धरणाऱ्या बुधीबाई पावरा यांनी विचारले, "भाऊ, लांब नळ्या कोठे शेतस?" तो म्हणाला, "तू घमेलं उचल, इंजिनेर नको बनू." घुमट ओढूनताणून उभा केला, तो पाहणीला आलेल्या साहेबांसमोरच खाली बसला. पुढची दहा घरे रद्द झाली. अभिमनने सांगितले, "नकाशा भाऊचा." मी जबाब द्यायला गेलो, तर पदवी विचारली.

४. म्हणून घुमटघर, बोल्ट आवळायचे पाने व मापाच्या वह्यांसह, बुधीबाईंना. हार्डवेअरवाले घेवरचंद ओस्तवाल यांनी व्यवस्था पाहावी. ते म्हणाले, "निंबाभाऊ, आत्ताच देऊन टाका की." आत्ता मला राहायला दुसरे घर नाही, शेठ.

५. मी गेल्यापासून तेराव्याच्या आत घर उतरवून त्याच पाड्यावर उभे करावे. अभिमनला बोलवावे. बसायला खुर्ची द्यावी, चहा द्यावा. शेवटचा बोल्ट आवळल्यावर बुधीबाईंनी त्याला हाताला धरून आत न्यावे. त्याने माफी मागू नये. मान वर करून सांधे मोजावेत, सव्वीस आहेत, आणि मोठ्याने सांगावे, नकाशा कोणाचा.

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार: लताबाई कोळी, रतिलाल चौधरी.

निंबा धोंडू बाविस्कर (सही)
नशिराबाद, ११ ऑक्टोबर २०२४